पहिल्या पंगतीत जागा मिळेल का? अमेरिकेतल्या छोट्या कॉलेज कॉन्फरन्सचं गणित

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या बाद फेरीत बारा संघ उतरले. त्यातले दोन, टुलेन आणि जेम्स मॅडिसन, छोट्या घरचे, म्हणजे विद्यापीठांच्या छोट्या संघटनांतले (कॉन्फरन्समधले) होते. पहिल्याच सामन्यात दोघेही गारद झाले. टुलेनला मिसिसिपीने ४१-१० ने हरवलं, जेम्स मॅडिसनला ओरेगनने ५१-३४ ने. लगेच तिकडे वाद पेटला, की अशा संघांना इथवर आणायचंच कशाला? पुढच्या महिन्यात, १९ जानेवारी २०२६ ला, इंडियाना विद्यापीठ विजेतं ठरलं. त्यांचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२३ च्या मोसमात कुठे होते? जेम्स मॅडिसनमध्ये. इंडियानाला जाताना तिथले बरेच खेळाडूही त्यांच्यामागून गेले होते.

ज्याला छोटा म्हणून हिणवलं, त्याच्याच अंगणातला माणूस मोठ्याच्या घरी जाऊन करंडक घेऊन आला. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की एक जुना प्रश्न समोर येतो: छोट्या कॉन्फरन्सला मोठं होता येतं का?

मी या प्रश्नात पडले ते भाचीमुळे. ती सिनसिनाटीला एम.एस. करते. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, इथे अजून लोक कौतुकाने सांगतात की आपण बिग १२ मध्ये गेलो. पण गेल्यापासून संघ पहिल्यापेक्षा जास्त हरतोय. मग आनंद कसला?" तिचं म्हणणं खरंच होतं. २०२१ मध्ये सिनसिनाटीने ओळीने १३ सामने जिंकले होते. बिग १२ या बड्या कॉन्फरन्समधल्या पहिल्या मोसमात, २०२३ मध्ये, तोच संघ १२ पैकी ९ सामने हरला. तरीही विद्यापीठात कुणाला परत फिरावंसं वाटत नाही. का, ते समजून घ्यायचं तर अगदी मुळापासून सुरुवात करायला हवी.

## कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय?

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. आणि कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांसारखा रिकाम्या प्रेक्षागृहासमोर होणारा प्रकार नव्हे. लाखभर माणसं मावतील अशी स्टेडियम काही विद्यापीठांच्या मालकीची आहेत.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसात केलेली संघटना. दहा-पंधरा विद्यापीठं एकत्र येतात, दर मोसमात मुख्यतः एकमेकांशी खेळतात, आपला विजेता ठरवतात आणि टीव्हीवर सामने दाखवण्याचे हक्क एकत्रितपणे विकतात. आलेला पैसा वाटून घेतात. सबंध कॉलेज क्रीडाविश्वावर एनसीएए ही संस्था देखरेख करते. पण कोण कोणत्या कॉन्फरन्समध्ये जाणार हे ती ठरवत नाही, ते सभासद ठरवतात.

आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. सभासद ऊस घालतात, कारखाना साखर विकतो, त्यातून भाव निघतो. कॉन्फरन्स हा कारखाना, विद्यापीठं सभासद, सामने हा ऊस आणि टीव्हीचा पैसा हा भाव. शेजारच्या कारखान्याने टनाला जास्त भाव दिला तर बडा बागाईतदार आपला ऊस तिकडे वळवतो, आणि मागे राहिलेल्या कारखान्याचं गाळप कोलमडतं. हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

सध्या फुटबॉलमध्ये चार कारखाने बडे आहेत: साउथईस्टर्न म्हणजे एसईसी, बिग टेन, बिग १२ आणि अटलांटिक कोस्ट म्हणजे एसीसी. यांना पॉवर फोर म्हणतात. २०२४ पर्यंत पाच होते. बाकीच्या अमेरिकन, माउंटन वेस्ट, सन बेल्ट, मिड-अमेरिकन, कॉन्फरन्स यूएसए वगैरेंना मी या लेखात सरळ 'छोट्या' म्हणते.

## ही दरी पडली कशी?

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं आणि एका संघाला किती वेळा झळकू द्यायचं हे एनसीएए ठरवायची. स्टेडियममधली गर्दी ओसरेल अशी तिला भीती होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं याविरुद्ध न्यायालयात गेली आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, की ही बंधनं स्पर्धाविरोधी आहेत. टीव्हीचे हक्क विद्यापीठांच्या हाती आले आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सच्या.

त्या दिवसापासून ज्याच्या सामन्याला जास्त डोळे, त्याला जास्त पैसा हा नियम झाला. आज बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वर आहे. तुलनेला अमेरिकन कॉन्फरन्स घ्या, ती छोट्यांमधली सगळ्यात सधन. २०१९ मध्ये तिने बारा वर्षांसाठी मिळून सुमारे एक अब्जाचा करार केला. एका विद्यापीठाच्या वाट्याला वर्षाला साधारण सत्तर लाख डॉलर आले. बिग टेनमधल्या विद्यापीठाला याच्या कितीतरी पट मिळतात.

बाद फेरीच्या उत्पन्नाचंही तेच. २०२६ पासूनच्या नव्या करारात बिग टेन आणि एसईसी मिळून जवळजवळ साठ टक्के घेतात. सगळ्या छोट्या कॉन्फरन्सना मिळून दहा टक्केही नाहीत.

## "जिंकत राहिलं तर कधीतरी मान मिळेलच ना?"

ही पहिली शंका आणि सगळ्यात स्वाभाविक. आपण खेळाकडे असंच बघायला शिकलोय. यासाठी एक सामना जवळून बघू.

१ जानेवारी २००७. ॲरिझोनातल्या ग्लेनडेल इथे फिएस्टा बोल. 'बोल' म्हणजे मोसमाच्या शेवटी निवडक संघांत होणारा मानाचा सामना. एका बाजूला ओक्लाहोमा, म्हणजे सात वेळचे राष्ट्रीय विजेते. दुसऱ्या बाजूला आयडाहो राज्यातलं बॉयसी स्टेट, ज्यांची तोवरची मुख्य ओळख म्हणजे त्यांच्या मैदानावरचं निळंशार कृत्रिम गवत. बॉयसीने २८-१० अशी आघाडी घेतली, ती घालवली, आणि शेवटच्या मिनिटात ते ३५-२८ ने मागे पडले. अठरा सेकंद उरली होती. चौथा आणि अखेरचा प्रयत्न, आणि अठरा यार्ड हवे होते. जॅरेड झॅब्रॅन्स्कीने चेंडू एका सहकाऱ्याकडे फेकला, सगळे बचावपटू त्याच्यावर धावले, आणि त्याने तो उलट दिशेने पळत येणाऱ्या दुसऱ्याच्या हातात सोपवला. तो सुसाट सुटला. बरोबरी झाली तेव्हा सात सेकंद शिल्लक होती.

जादा वेळेत ओक्लाहोमाने पुन्हा आघाडी घेतली. बॉयसीने ती एका गुणावर आणली. आता सोपी किक मारून बरोबरी साधायची की एका खेळीत दोन गुण घेऊन सामनाच संपवायचा? त्यांनी दुसरा मार्ग धरला. झॅब्रॅन्स्कीने उजवा हात उगारून चेंडू फेकल्याचा आव आणला. हात रिकामा होता. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे. तिथून तो इयन जॉन्सनने अलगद उचलला आणि डावीकडून एकही हात न लागता आत शिरला. ४३-४२. मी ही चित्रफीत कितीदा पाहिली असेल, पण तो रिकामा हात हवेत दिसला की अजून अंगावर काटा येतो.

बॉयसी स्टेट त्या मोसमात १३ पैकी १३ सामने जिंकलं. मानांकनात त्यांना पाचवा क्रमांक मिळाला. विजेतेपदाचा सामना दुसरेच दोन संघ खेळले. आणि त्या रात्री बॉयसी ज्या कॉन्फरन्सकडून खेळत होतं, त्या वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सचं काय झालं? २०१२ च्या मोसमानंतर तिने फुटबॉल खेळवणंच बंद केलं. सभासद एकेक करून निघून गेले होते, त्यात बॉयसीही होतं.

म्हणजे छोट्या घरातून निघालेला सगळ्यात गाजलेला विजय, आणि सहा वर्षांत त्या घराला कुलूप. इथे मला या विषयाची नस सापडली. जिंकल्याने संघाची किंमत वाढते. कॉन्फरन्सची वाढतेच असं नाही, कारण किंमत वाढलेला संघ आता दुसऱ्याला हवा असतो.

## आठवडाभरात उडालेलं स्वप्न

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचं आहे. ही १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यातला युटा २००४ मध्ये एकही सामना हरला नाही. २००८ मध्ये पुन्हा तेच, आणि शेवटी शुगर बोलमध्ये त्यांनी अलाबामासारख्या बलाढ्य संघाला ३१-१७ ने नमवलं. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ २०१० मध्ये अपराजित राहिलं आणि त्यांनी रोझ बोल जिंकला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठही त्याच कॉन्फरन्समध्ये होतं, देशभर पसरलेल्या प्रेक्षकवर्गासह.

जून २०१० मध्ये बॉयसी स्टेटने या कॉन्फरन्समध्ये यायचं ठरवलं. युटा, टेक्सास ख्रिश्चन, ब्रिगहॅम यंग आणि बॉयसी एका पानात! मोठ्यांच्या पंगतीत हक्काचं पान मागायला याहून जोरदार दावा असूच शकत नव्हता. पण आठवडा व्हायच्या आत युटाने पॅक-१० (पुढची पॅक-१२) या तेव्हाच्या बड्या कॉन्फरन्सचं आमंत्रण स्वीकारलं. उन्हाळा सरायच्या सुमारास ब्रिगहॅम यंग फुटबॉलपुरतं स्वतंत्र झालं. टेक्सास ख्रिश्चन आधी बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सला हो म्हणालं, मग तिथे एकही सामना न खेळता बिग १२ मध्ये गेलं. खुद्द बॉयसीनेही नंतर बिग ईस्टची वाट धरली होती, फक्त तिकडेच पडझड झाल्यामुळे ते मागे फिरले.

यात कुणी दगाबाज नव्हतं. आपल्या विद्यापीठाचं भलं बघणं हे प्रत्येक अध्यक्षाचं कामच आहे. सभासदाचं हित आणि कॉन्फरन्सचं हित एका टोकाला जाऊन फाटतं, आणि ते टोक म्हणजे यशाचं शिखर.

## "मग नावानेच मोठं व्हावं"

अमेरिकन कॉन्फरन्सने हाही प्रयत्न केला. तेव्हाचे आयुक्त माइक अरेस्को यांनी पाच बड्यांच्या जोडीला आम्ही सहावे, 'पॉवर सिक्स', अशी मोहीम चालवली. तिला आधारही होता. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा १३ पैकी १३ जिंकलं. शेवटच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला हरवलं. त्याच ऑबर्नने त्या मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया, म्हणजे विजेतेपदासाठी खेळलेल्या दोन्ही संघांना एकेकदा हरवलेलं होतं. तरीही तेव्हाच्या चार संघांच्या बाद फेरीत सेंट्रल फ्लोरिडाला जागा नव्हती.

२०२१ मध्ये भाचीच्या सिनसिनाटीने ते दार उघडलं. चार संघांच्या बाद फेरीत पोचलेला तो छोट्यांमधला पहिला आणि एकमेव संघ. ३१ डिसेंबरला अलाबामाकडून २७-६ ने हार झाली, पण सबंध कॉन्फरन्ससाठी तो मानाचा दिवस होता. फक्त एक गोष्ट होती. त्या दिवशी सिनसिनाटीने बिग १२ चं आमंत्रण स्वीकारून जवळजवळ चार महिने झाले होते. सोबत ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडाही. प्रत्येकाने सुटका करून घ्यायला १ कोटी ८० लाख डॉलर भरायचं कबूल केलं आणि २०२३ मध्ये तिघं गेले. अमेरिकनने त्यांच्या जागी आणखी छोट्या कॉन्फरन्समधून सहा विद्यापीठं आणली. वरचा खालच्याचं ओढतो, खालचा त्याच्या खालच्याचं.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. १३ सामने जिंकून पान मिळवण्यापेक्षा ९ हरून पंगतीत बसलेलं असणं विद्यापीठाला परवडतं. इंडियानाच बघा ना. सव्वाशे वर्षं ते बिग टेनमध्ये आहेत आणि देशात सगळ्यात जास्त पराभव नावावर असलेल्या संघांत त्यांची गणना व्हायची. पण हरत असतानाही बिग टेनचा वाटा येत राहिला. योग्य प्रशिक्षक सापडला तेव्हा तिजोरी तयार होती आणि दोन वर्षांत करंडक आला. बॉयसीकडे २००७ मध्ये प्रशिक्षक होता, खेळाडू होते, तो रिकामा हात होता. तिजोरी नव्हती.

## रणजीसारखी चढ-उतार का नाही?

क्रिकेट बघणारा माणूस हे लगेच विचारेल. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट आहेत. गोव्याने २०२४-२५ च्या मोसमात प्लेट गट जिंकला आणि पुढच्या मोसमात तो एलिटमध्ये खेळला. खाली जिंका, वर या. वर हरलात, खाली जा.

तिथे हे शक्य आहे, कारण सगळे गट एकाच मंडळाच्या हातात आहेत. अमेरिकेतल्या कॉन्फरन्स स्वतंत्र खासगी संस्था आहेत. बिग टेनच्या सभासदांना स्वतःपैकी कुणाला तरी खाली पाठवायचा नियम स्वतःच करावा लागेल, आणि प्रत्येकाला मनात भीती की उद्या ती पाळी आपली. असा ठराव कोण मांडेल? त्यामुळे वर जायची एकच वाट उरते, आमंत्रणाची. आणि आमंत्रण विद्यापीठाला येतं. अख्ख्या कॉन्फरन्सला ते कधी येत नाही.

मला स्वतःला रणजीची पद्धत जास्त न्यायाची वाटते. मैदानावर जे कमावलं ते मैदानावरच पदरात पडावं.

## "बारा संघांची बाद फेरी झाली, आता तर दार उघडं आहे"

उघडं आहे, किलकिलं. २०२४ पासून बाद फेरी चारवरून बारा संघांची झाली आणि मानांकनात वर असलेल्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना थेट प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी माउंटन वेस्टमधून बॉयसी स्टेट आलं. त्यांच्या ॲश्टन जेंटीने त्या मोसमात २,६०१ यार्ड धाव घेतली. १९८८ मधला बॅरी सँडर्सचा विक्रम गाठायला अवघे २७ यार्ड कमी पडले. २०२५ मध्ये एसीसीचं विजेतेपद पाच सामने हरलेल्या ड्यूककडे गेल्यामुळे छोट्यांमधून एकाऐवजी दोघांना संधी मिळाली. जेम्स मॅडिसन आलं ते त्यामुळे.

पण २०२६ पासून नियम बदलतोय. चारही बड्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांची जागा पक्की, मानांकन काही का असेना. बाकी सगळ्यांना मिळून एक. जेम्स मॅडिसनला मिळाली तशी दुसरी जागा आता नशिबानेच मिळेल.

शिवाय आता नुसतं विद्यापीठ हलण्याची वाट बघावी लागत नाही, माणसंच हलतात. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. त्याच वर्षी एका विद्यापीठातून दुसरीकडे जाताना वर्षभर बाहेर बसण्याची सक्तीही सैल झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली, तिच्यामुळे विद्यापीठ थेट खेळाडूंना वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं. वर सांगितलेले अमेरिकन कॉन्फरन्समधले सत्तर लाख आठवा. टीव्हीचा सगळा वाटा खेळाडूंना दिला तरी मोठ्यांच्या मर्यादेच्या जेमतेम एक तृतीयांश होतो.

खेळाडूंना घामाचे पैसे मिळू लागले याचा मला मनापासून आनंद आहे. पन्नास वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. पण त्याची एक बाजू ही, की छोट्या कॉलेजात घडलेला मुलगा तिसऱ्या वर्षी तिथे दिसत नाही. प्रशिक्षकही नाही. २०२५ च्या त्या बाद फेरीत उतरायच्या आधीच टुलेनचे जॉन समरॉल फ्लोरिडाचे आणि जेम्स मॅडिसनचे बॉब चेस्नी यूसीएलएचे प्रशिक्षक म्हणून नेमले गेले होते. दोघेही शेवटचा सामना जुन्या संघाबरोबर खेळून गेले.

## "श्रीमंत माजी विद्यार्थी असतील तर?"

एका विद्यापीठाला उपयोग होतो. डॅलसच्या सदर्न मेथडिस्टने २०२४ मध्ये अमेरिकन सोडून एसीसीत जाताना नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं. तूट देणगीदारांनी उचलली. पहिल्याच मोसमात संघ बाद फेरीत गेला. डाव जमला, पण तो घर सोडून जाण्याचाच डाव होता.

जिथे असे देणगीदार नाहीत तिथे खर्च कोण उचलतं? अनेक सरकारी विद्यापीठांत तो विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. जेम्स मॅडिसनमध्ये हा भाग बराच मोठा आहे. अमेरिकेत मुलं शिकायला पाठवणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी फीच्या तक्त्यातली ॲथलेटिक्सची ओळ एकदा नीट बघावी. मोठ्यांशी बरोबरी करायच्या धडपडीचा एक हिस्सा तिथे असू शकतो.

## एक घर जिंकलं, पण वेगळ्या खेळात

इतकं वाचून वाटेल की छोट्याला मोठं होणं अशक्यच. तसं नाही. बिग ईस्टची गोष्ट बघा.

१९७९ मध्ये प्रॉव्हिडन्सचे बास्केटबॉल प्रशिक्षक डेव्ह गॅव्हिट यांनी ही कॉन्फरन्स उभी केली. सभासदांत जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, सीटन हॉल यांसारखी मध्यम आकाराची कॅथलिक कॉलेजं बरीच होती. यातल्या बहुतेकांकडे फुटबॉलची ताकद नव्हती. पण पत्ता होता: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, बॉस्टन. टीव्ही असलेली कोट्यवधी घरं. आणि त्याच वर्षी कनेटिकटमध्ये ईएसपीएन ही फक्त खेळांची वाहिनी सुरू झाली, तिला रोज रात्री दाखवायला सामने हवे होते. गॅव्हिट यांनी ही गाठ बरोबर हेरली. सहा वर्षांत, १९८५ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत तीन बिग ईस्टचे होते. अंतिम सामन्यात विलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ ने हरवलं.

पुढे या घरालाही फुटबॉलचा मोह पडला. फुटबॉल खेळणारे सभासद घेतले, ते बड्यांनी एकेक करून नेले, आणि २०१३ मध्ये घर दुभंगलं. सात कॅथलिक कॉलेजं बिग ईस्ट हे नाव आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली वार्षिक स्पर्धा घेऊन बाहेर पडली. फुटबॉलवाले उरले त्यांची अमेरिकन कॉन्फरन्स झाली, जिची कथा वर सांगितली. एकाच घराच्या दोन वाटण्या. फुटबॉलच्या वाटणीतून बरेच चांगले सभासद निसटले. बास्केटबॉलच्या वाटणीने २०१६, २०१८, २०२३ आणि २०२४ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं आणली. शेवटची दोन कनेटिकटने, जे २०२० मध्ये अमेरिकन सोडून या जुन्या घरी परत आलं होतं.

हे बास्केटबॉलमध्ये का जमतं? मैदानावर पाच खेळाडू असतात, संघात पंधरा. फुटबॉलच्या संघात आता १०५ पर्यंत. दोन असामान्य मुलं मिळाली तर बास्केटबॉलचा संघ बदलून जातो, फुटबॉलला शंभर घरांतून मुलं आणावी लागतात. शिवाय बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात आणि प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला त्यात जागा राखीव असते. पंगत मोठी आहे.

पण मला यातलं सगळ्यात मोठं कारण वेगळं वाटतं. बिग ईस्टच्या बहुतेक सभासदांकडे मोठा फुटबॉल नसल्यामुळे बड्या कॉन्फरन्सना त्यांना पळवण्यात रस नाही. विलानोव्हा २०१६ आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतं झालं आणि जागचं हललं नाही. जे फुटबॉलमध्ये दुबळेपण होतं, तेच इथे कुंपण झालं.

एकटा मोठा संघ मात्र बास्केटबॉलमध्येही घराला वर नेत नाही. वॉशिंग्टन राज्यातलं गोन्झागा २०१७ आणि २०२१ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेलं, वीस-पंचवीस वर्षं देशातल्या उत्तम संघांत राहिलं, पण त्यांची वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स छोटीच राहिली. आता गोन्झागाही तिथून निघालं आहे.

## "सगळे चांगले छोटे एकत्र आले तर?"

गोन्झागा जिथे निघालं आहे तिथे हाच प्रयोग होतोय. पॅक-१२ ही एकेकाळची बडी कॉन्फरन्स. २०२२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी बिग टेनला जायचं जाहीर केलं, २०२३ च्या उन्हाळ्यात बाकीचे पांगले आणि बारापैकी दोघंच उरले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. शतकभराची परंपरा असलेल्या कॉन्फरन्समध्ये दोन संघ! २०२५ च्या मोसमात त्यांना एकमेकांशीच दोनदा खेळावं लागलं. त्या चाहत्यांच्या मनाची मला कल्पना करवत नाही.

मग या दोघांनी माउंटन वेस्टमधून बॉयसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि युटा स्टेट यांना बोलावलं. सन बेल्टमधून टेक्सास स्टेट आलं, आणि फुटबॉल न खेळणारं गोन्झागा. माउंटन वेस्टशी नुकसानभरपाईवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. नवी पॅक-१२ १ जुलै २०२६ पासून सुरू होत आहे. छोट्यांमध्ये ती बहुधा सगळ्यात भक्कम असेल, आणि बाद फेरीतल्या त्या एका जागेवर तिचा दावा दरवर्षी जोरदार राहील.

तरी माझी नजर तिच्या विजयांपेक्षा करारांकडे असेल. सभासदाने ठरावीक वर्षांसाठी आपल्या सामन्यांचे टीव्ही हक्क कॉन्फरन्सच्या नावे लिहून दिले, तर तो निघून गेला तरी त्याचे सामने मागेच राहतात आणि त्याला घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एसीसीने असा करार २०३६ पर्यंतचा केला आहे, आणि तिथूनही फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन न्यायालयात गेले होते. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली तेव्हा बाहेर पडण्याची किंमत वर्षागणिक उतरत जाईल असं ठरलं. बड्या घरातही कुलूप इतपतच टिकतं. बॉयसी स्टेट एखाद्या मोसमात पुन्हा अपराजित राहिलं आणि बिग १२ चा फोन आला, तर त्या दिवशी नव्या पॅक-१२ च्या कागदावर काय लिहिलेलं असेल, ते मला बघायचं आहे.